खांद्यावरचं नाव

"...मग आता सांगा, यात चुकलं काय?"

शलाकानं टी-शर्ट हवेत धरला होता. दोन्ही खांद्यांना पकडून, तान्ह्या बाळाला उचलून दाखवावं तसा.

हिराजी मास्तर देवळाच्या ओट्यावर बसून सुकट निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मी बोललो काय, चुकलं म्हणून?"

"बोलला नाहीत. म्हणूनच विचारते."

हिराजी मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हता. उरणकडच्या त्या खाडीकाठच्या गावात तो पोरांना, आणि हल्ली पोरींना, माणसावर माणूस चढवायला शिकवायचा. दहीहंडीचे थर. तरुणपणी तो स्वतः कायम खालच्या थरात. एकदा खांद्याचं हाड मोडलं, ते वाकडंच सांधलं. संतबिंत काही नव्हता. तंबाखू खायचा, देवळाच्या मागच्या भिंतीवर थुंकायचा आणि आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर परवा द्यायचा. गावाला वाटायचं, ही ज्ञानाची खूण. शलाकाला वाटायचं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

टी-शर्ट मात्र झकास होता. गर्द निळा. छातीवर पिवळ्याजर्द अक्षरांत 'दर्याकन्या महिला गोविंदा पथक'. आणि खांद्यांवर, अगदी वरच्या बाजूला, जाड रबरी छपाई. डाव्या खांद्यावर 'सदा', उजव्यावर 'शेठ'.

"हे खांद्यावर कशाला?" मास्तरनं विचारलं.

या प्रश्नाची ती दुपारपासून वाट बघत होती.

"ड्रोन, मास्तर. शेठनं यंदा ड्रोन सांगितलाय. वरून शूटिंग होणार. वरून पाठ दिसत नाही, छाती दिसत नाही. मग काय दिसतं? खांदे. सगळ्या थरांचे खांदे. गोल गोल नुसतं नाव फिरणार. तालुक्यात कुणाच्या डोक्यात नाही आलं हे."

"तुझ्या आलं."

"माझ्या आलं."

सदाशेठ म्हणजे गावचा टँकरवाला आणि मंडळाचा तहहयात अध्यक्ष. आयडिया ऐकून त्यानं शलाकाच्या पाठीवर अशी थाप मारली होती, की तिला ठसका लागला. सगळ्या टी-शर्टांचा खर्च त्यानं तिथल्या तिथे अंगावर घेतला. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून गावानं तिला दोनच गोष्टी दिल्या होत्या, सल्ले आणि टोमणे. शाबासकी ही पहिलीच.

आणि शाबासकीचं काम होतंच. गेल्या वर्षी टी-शर्टांचं काम मंडळाच्या मोठ्या माणसांकडे होतं. "होईल गं, आम्ही आहोत ना," असं सगळे म्हणत राहिले. टी-शर्ट आले ते ढोल वाजायला लागल्यावर. सगळे एकाच मापाचे, दोन दोन पोरी मावतील असे. विचारलं तर म्हणाले, पोरी काय, वाढतीलच की. पोरींनी सेफ्टी पिना लावून थर लावले. तिसऱ्या थरातच एकीच्या कमरेत पिन घुसली, ती किंचाळली आणि सगळ्या खाली.

यंदा शलाकानं कुणाला विचारलंच नाही. हंडीला महिनाभर बाकी असताना प्रत्येकीचं माप तिनं स्वतः घेतलं होतं. पनवेलच्या छपाईवाल्या इरफानकडून नमुना मागवला होता. आता फक्त दिवेलागणीच्या आत त्याला फोन करून 'हो' म्हणायचं होतं. नाहीतर मशीन दुसऱ्या पथकाला जाणार होती.

कारण यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा दर्याकन्या सहा थर लावणार होत्या. सरावात सहावा अजून एकदाही उभा राहिला नव्हता, पण लावणार होत्या. आणि सगळ्यात वरची पोर, एक्का म्हणतात ती, शलाकाची धाकटी बहीण होती. रेवती. दहावीतली, सडपातळ, जिभेला हाड नसलेली.

"घालणार कधी हे?" मास्तरनं विचारलं.

"हंडीच्या दिवशी. सकाळी स्टेजवर शेठच्या हस्ते वाटप. तोवर पाकीट फोडायचं नाही. कोरे करकरीत घालून उतरणार मैदानात."

"मग नको मागवू."

"का?"

"उशीर झाला."

शलाकाला आधी वाटलं, तिनंच नीट ऐकलं नाही.

"महिना आहे, मास्तर. बाकीच्या पथकांनी अजून कापडसुद्धा बघितलं नाही."

"महिना हाय. पण ते येतील नवे."

"नवेच येणार ना. टी-शर्ट आहेत, लोणचं नाही."

"त्या दिवशी जुने पाहिजेत."

"जुने छापून कुठे मिळतात? पत्ता द्या, आत्ता जाते."

मास्तरनं सुकटीतला एक काटा उचलला, निरखला, बाजूला टाकला.

...

शलाकाचं डोकं फिरलं. या म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं. कोडं घालायचं आणि गप्प बसायचं. कोडं घालायला कष्ट नाहीत. माप घ्यायला, इरफानच्या मागे लागायला, आणि चौघींच्या आयांना 'टी-शर्टच आहे, बिनबाह्यांचा नाही' हे पटवायला कष्ट पडतात. ते करायला कोणी मास्तर येत नाही.

"स्पष्ट बोलायचं नसेल तर राहू दे," ती म्हणाली. "मी फोन लावते."

तेवढ्यात देवळापुढे जीप थांबली. सदाशेठ उतरला. पांढरे कपडे, काळा गॉगल, आणि टी-शर्ट दिसताच तोंडभर हसू.

"आला? दाखव, दाखव." त्यानं कापड हिसकूनच घेतलं. अंगठ्यानं अक्षरं चोळून बघितली. "वा. उठून दिसतंय. मास्तर, बघितलंत? पोरीचं डोकं बघा. एवढं फक्त कर शलाका, हा 'शे' जरा रुंद घे. ड्रोन लांब असतो."

"घेते, शेठ."

सरावाची वेळ झाली होती. पोरी येऊ लागल्या. नमुना आला ही बातमी त्यांच्या आधी गावभर पोहोचली होती. ओट्याखाली घोळका जमला. एक म्हणाली मला हात लावू दे, दुसरी म्हणाली आधी हात धू. खालच्या थरातली दणकट विशाखा म्हणाली, "निळा? मी निळ्यात काळी दिसते." रेवती भिंतीवर चढून बसली होती. तिथून म्हणाली, "तू खाली वाकलेली असणार. तुझं तोंड दिसणारच नाही. काळजी करू नको."

सगळ्या हसल्या. शलाकाच्या अंगातून आनंद नुसता वाहत होता. तिनं खिशातून फोन काढला.

मास्तर उठला.

सुकटीचं सूप बाजूला सरकवलं, शेठच्या हातातून टी-शर्ट घेतला आणि डोक्यातून घालायला लागला.

"मास्तर, फाटेल तो," शेठ म्हणाला. "पोरींचं माप आहे."

टी-शर्ट पोटाच्या वर अडकला. खाली ढेरी, वर 'दर्याकन्या'. पोरी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. विशाखा म्हणाली, "मास्तर, तुम्हाला निळा शोभतो हो."

मास्तर ओट्याशेजारच्या पाण्याच्या पिंपाजवळ गेला. तांब्या भरला आणि आपल्याच डाव्या खांद्यावर ओतला. मग उजव्या. पाणी 'सदा'वरून ओघळलं, 'शेठ'वरून ओघळलं. मग तो सभामंडपाच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून पाय रोवून उभा राहिला.

"चढ," तो म्हणाला.

"मी?"

"तू चौथ्या थरातली ना? मी पहिलाच हाय. चढ."

शलाकाला यात काय अवघड होतं? ती चपला काढून पुढे झाली. एक पाय त्याच्या मांडीवर, हात पाठीवर, दुसरा पाय खांद्यावर. दाबला. अंग वर उचललं...

पाय राहिलाच नाही.

साबणावरून जावा तसा तो रबरी अक्षरांवरून सटकला. तिची हनुवटी मास्तरच्या वाकड्या हाडावर आपटली आणि ती त्याच्या पाठीवरून घसरत खाली बसली. कुणी हसलं नाही. हसू आलं असेल, पण कुणी हसलं नाही.

"ओल्यात सगळेच घसरतात," सदाशेठ म्हणाला.

मास्तरनं टी-शर्ट काढला. खाली त्याचं नेहमीचं बनियन होतं. धुऊन धुऊन मऊ पडलेलं, कुठल्या रंगाचं होतं हे आता सांगता येणार नाही असं. त्यावर त्यानं आणखी दोन तांबे ओतले. पुन्हा खांब धरला.

"चढ."

ती चढली. पाय बसला. दुसरा बसला. ती उभी राहिली, हात सोडले, आणि देवळाच्या कौलापर्यंत डोकं पोचलं तरी खाली काही हललं नाही.

"उतर."

उतरली.

मास्तरनं तो ओला टी-शर्ट उचलला, पिळला नाही, तसाच तिच्यापुढे धरला.

"आता तू घाल."

तिनं अंगातल्या कुर्त्यावरच घातला. गार कापड मानेला चिकटलं. मास्तर भिंतीकडे वळला.

"रेवती. ये. बहिणीच्या खांद्यावर चढ."

रेवतीनं भिंतीवरून उडी मारली. ती धावतच आली, चढायला ती कधीही तयार. तिचा हात शलाकाच्या खांद्यावर पडला.

"नको," शलाका म्हणाली.

"का?" मास्तरनं विचारलं.

"खाली फरशी आहे."

"हंडीच्या दिवशी डांबर असतं."

...

"महिन्यानं तेच करणार होतीस ना?" मास्तर म्हणाला. "आज कर."

शलाकानं रेवतीचा हात खांद्यावरून काढला. काढला, पण सोडला नाही. धरूनच ठेवला.

रेवतीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग खालच्या फरशीकडे.

सदाशेठनं गॉगल काढला, पुसला, परत लावला. "मास्तर, तुम्ही उगाच पोरींना घाबरवताय. आमच्या वेळी..."

"तुझ्या वेळचं सांग, सदा," मास्तर म्हणाला.

त्याला शेठ न म्हणता सदा म्हणणारा गावात एकच माणूस उरला होता.

"तू वर जायचास. सगळ्यात वर. पहिला पाय कुणावर टाकायचास?"

"तुमच्यावर."

"गर्दी, पाणी, डोळ्यात दही. दहा जण वाकलेले. माझा खांदा कुठला, ते कसं कळायचं? बघायचास?"

टँकरवाला अध्यक्ष कुठेतरी गेला आणि चड्डीतलं पोरगं उभं राहिलं, असं क्षणभर वाटलं.

"बघायचो नाय, मास्तर. पायालाच कळायचं."

"काय लिहिलेलं होतं?"

"काय लिहिणार... तुम्ही उघडे असायचात."

मास्तर पुन्हा ओट्यावर बसला. सूप मांडीवर घेतलं.

कुणाला वाटेल, इथे शेठ बदलला. मोठी माणसं एवढ्या लवकर बदलत नसतात. तो घसा खाकरून म्हणाला, "ते ठीक आहे. पण मग ड्रोनचं काय?"

"ड्रोनला खाडी दाखवू, शेठ," शलाका म्हणाली. "चांगली दिसते वरून."

"आणि माझं नाव?"

"पाठीवर. कमरेच्या जरा वर. जिथे कुणाचा पाय पडत नाही."

"तिथं कोण वाचणार?"

"मागे उभे असतील ते. गर्दी मागेच असते, शेठ."

शेठनं विचार केला. मागे खरंच गर्दी असते. "अक्षर मोठं घे," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

सूर्य खाडीपलीकडच्या झाडांवर टेकला होता. शलाकानं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, कारण पोरी तिच्या कानाला कान लावायला लागल्या होत्या.

"इरफानभाई, नमुना मिळाला. बदल आहे. खांद्यावर काही नको. पाठीवर वरच्या बाजूलाही काही नको. आणि रबर नको, कापडात मुरते ती शाई लावा."

"ताई, ती शाई चमकत नाही."

"चमकायचं नाहीच आहे. छापायच्या आधी अजून एक नमुना पाठवा, ओला करून बघणार आहे."

"ओला करून? ...बरं. माल हंडीच्या आदल्या दिवशी देतो, सगळ्यांचा तेव्हाच निघतो."

"या आठवड्यात द्या."

"एवढ्या आधी घेऊन करणार काय?"

शलाकानं मास्तरकडे बघितलं. मास्तर सुकट निवडत होता.

"जुने करणार," ती म्हणाली.



"ताई, आवाज तुटतोय. परत बोला."

पोरी फुटल्याच. विशाखा हसून हसून ओट्यावरच बसली. शलाकानं पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता, आणि इरफाननं एकदाचं 'हो' म्हटलं. मागून त्यानं कुणाला तरी सांगितलेलंही ऐकू आलं, "उरणच्या पोरी आहेत, डोकं खाऊ नको, कर."

माल आला त्या संध्याकाळी देवळापुढे जत्रा भरल्यासारखं झालं.

वाटप आता त्याच दिवशी शेठच्या हस्ते ठरलं होतं. फोटोग्राफर घेऊन येतो म्हणाला होता. पण शेठ वेळेवर आला नाही. मोठी माणसं वेळेवर येत नसतात. तेवढ्यासाठीच तर ती मोठी होतात. पोरींनी थोडी वाट बघितली, मग गठ्ठ्याची सुतळी कुणी सोडली ते कळलंच नाही. "माझा मीडियम कुठाय?" "तो माझा आहे, सोड." "वास बघ ना, वास बघ." जिचा तिला मिळाला. जिचा तिला बसला. गेल्या वर्षी पिन टोचलेली पोर कमरेवर हात फिरवून फिरवून बघत होती.

शलाका बाजूला उभी राहून बघत होती. तिला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं. तिनं फक्त शिट्टी तोंडात धरली.

"चला. थर लावू."

"असे नाय," मास्तर ओट्यावरून म्हणाला.

त्यानं देवळामागच्या मोकळ्या जागेकडे बोट केलं. मिठागराच्या बांधाला लागून तिथे घोट्याएवढा चिखल होता. काळा, मऊ, खाडीचा.

"लोळा."

पोरी आपापल्या टी-शर्टाकडे बघायला लागल्या.

"मास्तर," विशाखा म्हणाली, "आईनं फोटो मागितलाय नव्या टी-शर्टातला."

"माझ्या मावशीनं पण," आणखी कुणीतरी म्हणालं.

मास्तरचं बोट तसंच चिखलाकडे होतं. शलाकानं त्याच्याकडे बघितलं. मग चिखलाकडे. मग अंगातल्या कोऱ्या निळ्याकडे, जो तिनं मापापासून शाईपर्यंत स्वतः घडवला होता.

ती गेली, चिखलात बसली, आणि पाठ टेकून सरळ आडवी झाली.

पुढे जे झालं त्याला सराव म्हणत नाहीत. पोरींनी एकमेकींना ओढून पाडलं. रेवतीनं विशाखाच्या पाठीवर बसून तिला बैलासारखं हाकललं. छातीवरचं 'दर्याकन्या' आधी दिसेनासं झालं, मग पाण्याचे तांबे पडले तसं पुन्हा दिसायला लागलं. कापड मऊ पडलं, अंगाला बसलं, वासही गेला.

मग शिट्टी वाजली आणि सगळ्या एकदम गप्प झाल्या.

देवळापुढच्या कोरड्या जमिनीवर पहिला थर वाकला. विशाखानं दोन्ही बाजूंच्या खांद्यांत बोटं रुतवली. दुसरा चढला. तिसरा. शलाका चौथ्यात चढली, शेजारणींच्या मानेत हात घातले, डोळे मिटले. पाचव्यातल्या दोघी तिच्यावरून वर गेल्या. पाय बसत होते. ओल्या, चिखलानं मळलेल्या मऊ कापडावर नीट बसत होते.

मग तो पाय आला. हलका, अरुंद, घाईचा. अंगठा आधी टेकवणारा.

तिनं डोळे उघडले नाहीत. उघडायची गरजच नव्हती.

पाय तिच्या खांद्यावर पडला, दाबला, राहिला. आणि वर गेला.

वरून खाली एक थरथर आली. गुडघ्यांतून, कमरांतून, मानांतून. शलाकानं श्वास रोखला. खाली विशाखा "धरा, धरा, धरा" म्हणत होती. थरथर थांबली.

...

आणि मग खालून ओरडा झाला. ओट्यावरच्या बायका, बांधावरची पोरं, वाटेवरचे लोक, सगळे. कुणीतरी सहापर्यंत मोजलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तालुक्यात पहिल्यांदाच पोरींचा सहावा थर उभा होता, आणि त्याच्या टोकावर रेवती एक हात वर करून.

त्याच वेळी जीपचं दार वाजलं. शेठचा आवाज शलाकाला खालून स्पष्ट ऐकू आला. आधी तो चिडलेला होता. "अरे हे काय, वाटप व्हायचंय अजून, सगळे मळवले..." आणि मग तो आवाज मध्येच तुटला. त्यानं वर बघितलं असावं.

"लागले," तो म्हणाला. "मास्तर, सहा लागले. पोरींनी सहा लावले. बघताय काय, टाळ्या वाजवा की. मास्तर... तुम्ही टाळ्या का नाय वाजवत?"

"ती अजून उतरायचीये, सदा."